ग्राहक क्रमांक एक

माहितीराव नेमकं काय काम करतात, हे इमारतीत कोणालाच नीट माहीत नव्हतं. माहितीराव हे नाव तळमजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी ठेवलेलं. भांडी आणि घरगुती वस्तू विकणारी सात दुकानं असलेल्या एका कंपनीत ते ‘व्यवस्थापक, ग्राहक माहिती व निष्कर्ष’ होते. हेडमास्तरांनी एकदा जिन्यात गाठून विचारलंच, “म्हणजे तुम्ही भांडी विकता?”

“नाही हो. भांडी कोण घेतं, कधी घेतं आणि का घेतं, ते मी शोधून काढतो.”

हेडमास्तरांनी कठडा धरला. “का घेतं म्हणजे? स्वयंपाकाला.”

आपल्या आख्ख्या नोकरीचा एका शब्दात निकाल लागलेला पाहून माहितीराव मुकाट्याने जिना चढले आणि त्या दिवशी जेवताना कोणाशी बोलले नाहीत.

तर अशा या माहितीरावांना एका सोमवारी नव्या साहेबांनी बोलावून घेतलं. नवे साहेब म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ. तीस वर्षं दुकानात गल्ल्यामागे उभे राहिलेले गृहस्थ. खुर्चीवर बसले तरी उभे असल्यासारखेच दिसायचे. त्यांच्यासमोर माहितीरावांचा बासष्ट पानी अहवाल पडला होता, रंगीत वर्तुळांचा. साहेबांनी तो उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला, आणि विचारलं, “यात माणूस कुठे आहे?”

“साहेब, एक लाख अठरा हजार माणसं आहेत यात.”

“मला एक दाखवा. चालताबोलता. शुक्रवारच्या बैठकीला घेऊन या. नाही जमलं तर सोमवारपासून तुमचा विभाग गोदामाला जोडून टाकू.”

माहितीरावांच्या पायाखालची जमीन सरकली. विभाग म्हणजे तरी काय, दोन खोल्या, तीन माणसं आणि एक खिडकी. पण गोदामाला जोडलं जाणं म्हणजे उरलेलं आयुष्य बादल्या मोजणं. ते जागेवर परतले तेव्हा गोदामप्रमुख त्यांच्या टेबलाला मोजपट्टी लावून उभा होता. “काही नाही,” तो गोड हसून म्हणाला, “झाकणांच्या रॅक इथे बसतील का, एवढंच बघत होतो.”

पण माहितीराव अगदीच निःशस्त्र नव्हते. त्यांच्याकडे ग्राहक क्रमांक एक होती. कंपनीच्या यंत्रणेतली ही पहिल्या नंबरची नोंद म्हणजे माहितीरावांच्या काळजाचा तुकडा. गेल्या वर्षभरात या बाईने अकराशे चाळीस वेळा खरेदी केली होती, तीही सातही दुकानांतून. चमचे, बरण्या, पातेली, पायपुसणी, सगळं. नियमाप्रमाणे विभागात कोणालाच ग्राहकांची नावं आणि फोन नंबर दिसत नसत. दिसायची ती फक्त खरेदी. त्यामुळे बाकीचं माहितीरावांनी बुद्धीच्या जोरावर काढलं होतं. दिवसात तीन दुकानं फिरते, त्या अर्थी घरी गाडी असणार. एवढे डबे लागतात, त्या अर्थी वसतिगृह चालवत असणार. महिन्याला पन्नासेक काचेचे पेले जातात, त्या अर्थी वसतिगृह मुलांचं असणार. अहवालाची पूर्ण चार पानं त्यांनी तिच्यावर खर्च केली होती. आता प्रश्न एवढाच होता की ती राहते कुठे.

“अहो, मग तिला सरळ फोन करा की,” बायको म्हणाली.

“असं करता येत नाही. नंबर गोपनीय असतो.”

“तुमच्यापासूनसुद्धा?”

“माझ्यापासून तर खासच.”

सासूबाई शेजारीच भाजी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “जावईबापू, माणूस हवा असेल तर माणसाला विचारावं. यंत्राला काय कळतंय?”

“आई, हे जरा तांत्रिक आहे,” माहितीराव म्हणाले. सासूबाईंच्या बहुतेक सूचनांना ते हेच उत्तर देत. सासूबाई गेली दहा वर्षं त्यांच्याकडे राहत होत्या आणि दहा वर्षं हेच उत्तर ऐकत होत्या.

हेडमास्तरांचा सल्ला वेगळा होता. सल्ला मागितला नव्हता, पण त्यांना तशी गरज भासत नसे. “दुकानात उभे राहा. नजर ठेवा. मी पस्तीस वर्षं कॉपी पकडली. चोर चालीवरून कळतो.”

“ती चोर नाही हो, ग्राहक आहे.”

“चाल चालच असते.”

ग्राहक क्रमांक एक मंगळवारी दुपारी जास्त खरेदी करते, हे आकडे सांगतच होते. म्हणून मंगळवारी माहितीराव सगळ्यात मोठ्या दुकानात, कापडी पिशव्यांच्या मागे, वही घेऊन उभे राहिले. चारच्या सुमारास एक धिप्पाड बाई आली. तिने तीन मोठी पातेली घेतली, सहा बरण्या घेतल्या आणि डझनभर पेल्यांकडे हात नेला. माहितीराव तिच्या मागोमाग बादल्यांपर्यंत गेले, तिथून झाडूंपर्यंत गेले. झाडूंपाशी ती गर्रकन वळली.

“काय पाहिजे?”

माहितीरावांनी मनात एक सुंदर प्रास्ताविक तयार केलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं: “तुम्ही दर मंगळवारी येता ना? तुमच्याकडे खूप मुलं आहेत ना?”

पुढच्या दोन मिनिटांत रखवालदार आला आणि पाठोपाठ दुकानाचा व्यवस्थापक. या दोघांनीही माहितीरावांना जन्मात पाहिलेलं नव्हतं, कारण माहितीराव वरच्या मजल्यावर बसून दुकानाचा अभ्यास करत आणि खाली दुकानात कधी येत नसत. त्यांनी ओळखपत्र पुढे केलं. त्यावर नऊ वर्षांपूर्वीचा, भरघोस केसांचा फोटो होता. व्यवस्थापकाने फोटो पाहिला, माहितीरावांचं डोकं पाहिलं आणि आदराने विचारलं, “हे आपले चिरंजीव का?”

शेवटी लेखी माफीवर सुटका झाली. बाईने मात्र तक्रारवहीत लिहिलंच. आता गंमत अशी की ग्राहकांच्या सगळ्या तक्रारी वर्गवारीसाठी माहितीरावांच्याच विभागात येतात. बुधवारी सकाळी पहिलाच कागद हातात आला: ‘झाडूंजवळ टक लावून पाहणारा टकला मनुष्य. बंदोबस्त करावा.’ कर्तव्याला जागून माहितीरावांनी त्यावर ‘कर्मचाऱ्यांचे वर्तन’ असा शेरा मारला. ‘दुकानातील अडथळे’ हाही पर्याय होता, पण तो स्वतःला लावून घ्यावासा त्यांना वाटला नाही.

त्यानंतर ते गोपनीयता अधिकाऱ्यांकडे गेले. या बाई इतक्या गोपनीय होत्या की ‘बसा’सुद्धा कुजबुजून म्हणत. त्यांनी एक अर्ज काढून दिला. ग्राहकाचा नंबर पाहण्यासाठी त्या ग्राहकाची लेखी संमती जोडणं आवश्यक होतं.

“पण ती कोण आहे हेच मला माहीत नाही. संमती कोणाकडून आणू?”

“तेच तर संरक्षण आहे,” बाई समाधानाने कुजबुजल्या.

मात्र एक पळवाट होती. कंपनीच्या फोन विभागातून दर महिन्याला ग्राहकांना खुशालीचे फोन जात: माल कसा वाटला, सेवा कशी वाटली, काही सूचना आहे का. तिथे यंत्राचं बटण दाबलं की फोन लागतो, नंबर कोणालाच दिसत नाही. तिथून बोलायला हरकत नव्हती. त्याचा अर्ज निराळा, आणि त्यावर वरिष्ठांची शिफारस हवी. माहितीरावांच्या वरिष्ठांची जागा दोन वर्षं रिकामी होती. चौकशीअंती असं निघालं की त्या जागेचा तात्पुरता कार्यभार गोदामप्रमुखाकडे होता.

त्या क्षणी माहितीराव मनाने पार खचले, पण पायांनी गोदामात गेले. गोदामप्रमुखाने अर्ज दोनदा वाचला. “सही करतो. पण खिडकीकडची दोन फूट जागा मला आजच द्या. उरलेली सोमवारी घेईन.” माहितीरावांनी दोन फूट दिली. स्वाभिमान त्यांनी मंगळवारीच झाडूंजवळ सोडला होता.

गुरुवारी सकाळी ते फोन विभागात पोचले. तिथल्या मुख्य बाईंनी क्रमांक ऐकला आणि त्यांचा चेहरा खुलला. “एक नंबर? अहो, त्या तर आमच्या लाडक्या. बाकीची माणसं आमचा फोन ठेवून देतात. या आम्हाला ठेवू देत नाहीत.” त्यांनी बटण दाबलं आणि हेडफोन माहितीरावांच्या कानाला लावला.

दोनच रिंग वाजल्या. “हॅलो, कंपनी का? आज उशीर केलात. मी दहापासून फोनशेजारी बसलेय.”

आवाज ओळखीचा होता. इतका ओळखीचा की माहितीरावांना काही क्षण तो कोणाचा हे सुचेना. तेवढ्यात मागून दुसरा आवाज आला, “आई, कोण आहे गं?” आणि पहिला आवाज म्हणाला, “माझा फोन आहे. महिन्याचा. तू भाजीचा गॅस बंद कर.”

माहितीरावांनी यंत्रावरचा ग्राहक क्रमांक पुन्हा तपासला. एकच होता.

“अहो बोला की,” सासूबाई म्हणाल्या. “आज प्रश्न नाहीत का?”

माहितीरावांनी हेडफोन काढून खाली ठेवला. त्यांना सगळं आठवलं. नऊ वर्षांपूर्वी यंत्रणा सुरू झाली तेव्हा गल्ल्यावरच्या लोकांना शिकवायला एक नमुना नोंद हवी होती. नाव म्हणून त्यांनी ‘नमुना’ लिहिलं. नंबर म्हणून स्वतःचा द्यायला ते तयार नव्हते, बायको तर मुळीच नव्हती. सासूबाईंनी नवा फोन घेतला होता आणि तो कधी वाजत नसे. म्हणून त्यांचा टाकला. ती नोंद छापलेला कागद सातही दुकानांत गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवला गेला आणि आजतागायत तिथेच होता. एखादं गिऱ्हाईक नंबर द्यायला नाही म्हणालं की गल्ल्यावरचा माणूस कागदात बघून तोच नंबर टाकून मोकळा होई. गाडी, वसतिगृह आणि पेले फोडणारी मुलं यांचा असा एका क्षणात चुराडा झाला.

पण खरी आफत पुढेच होती. ज्याची खरेदी जास्त, त्याच्या मताला वजन जास्त, असा नियम माहितीरावांनीच केला होता आणि त्याबद्दल त्यांना एकदा बक्षीसही मिळालं होतं. म्हणजे गेली नऊ वर्षं सासूबाईंचं एक मत हजार-अकराशे मतांच्या वजनाचं धरलं जात होतं. त्यांनी जुन्या निष्कर्षांची फाइल बाहेर काढली. ‘दुकानात बसायला खुर्च्या हव्यात, असे ग्राहकांना तीव्रतेने वाटते.’ खुर्च्या आल्या. ‘कर्कश संगीताने ग्राहक त्रस्त.’ संगीत बंद झालं. ‘झाकणे सुटी मिळावीत, ही बाजाराची मूक मागणी.’ ती तर मुळीच मूक नव्हती. सासूबाईंनी ती माहितीरावांना जेवणाच्या टेबलावर किमान वीस वेळा सांगितली होती आणि माहितीराव वीस वेळा म्हणाले होते, “आई, बाजार असा चालत नाही.” सुटी झाकणं त्या वर्षी धडाक्याने खपली होती.

घरी आल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. काहीतरी विचारायला आलेले हेडमास्तर दारातच खुर्ची ओढून बसले. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

“म्हणजे त्या मुली मला चुकून फोन करत होत्या?”

“तसं नाही आई. सुरुवात चुकून झाली.”

“नऊ वर्षं?”

सासूबाई चष्मा पुसत राहिल्या. महिन्याच्या त्या एका फोनसाठी त्या आदल्या दिवसापासून मुद्दे लिहून काढत, आणि जावई ‘तांत्रिक आहे’ म्हणेल म्हणून त्याला सांगत नसत, हे माहितीरावांना आज बायकोकडून कळलं आणि फार वाईट वाटलं. एवढं वाईट त्यांना विभाग जाण्याचंही वाटलं नव्हतं.

“सोपं आहे,” हेडमास्तर म्हणाले. “आत्ता दुकानात नेऊन यांना दोन डबे घ्यायला लावा. झाल्या ग्राहक. उद्या कोण विचारतंय?”

“परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉपी?” सासूबाईंनी विचारलं. हेडमास्तर एकदम उभे राहिले आणि ज्या कामासाठी आले होते ते न सांगताच गेले.

“आई, तुम्ही येऊ नका,” माहितीराव म्हणाले. “मी साहेबांना खरं काय ते सांगतो. गोदाम तर गोदाम.”

“साहेबांनी माणूस आणायला सांगितलंय ना? मग मी येते. पण खोटं बोलणार नाही, आधीच सांगते.”

शुक्रवारी बैठकीत सगळे विभागप्रमुख हजर होते. गोदामप्रमुख खिशात मोजपट्टी ठेवूनच बसला होता. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन समोरच्या खुर्चीवर बसल्या. माहितीराव उभे राहिले. डोळे मिटून, एका दमात, त्यांनी नमुन्यापासून झाकणांपर्यंत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर डोळे उघडायचं धैर्य होईना.

“म्हणजे,” साहेब सावकाश म्हणाले, “गेली नऊ वर्षं ही कंपनी तुमच्या सासूबाई चालवतायत.”

“निष्कर्षांपुरत्या,” माहितीराव म्हणाले.

गोदामप्रमुखाने मोजपट्टी बाहेर काढली. साहेबांनी खुर्ची सासूबाईंकडे वळवली. “बाई, तुम्ही एवढ्या सूचना केल्यात. कधी आमच्या दुकानात आला होता का?”

“नाही.”

“एकदाही नाही? दुकान याच इमारतीत खाली आहे. जावई वरच्या मजल्यावर. मग का नाही आलात?”

“कोणी या म्हटलंच नाही. दर महिन्याला फोन यायचा, आमचं दुकान कसं वाटलं. मी घरात बसल्या बसल्या विचार करून सांगायची, दुकान कसं असावं. वाटायचं, आज तरी म्हणतील, या एकदा. पण सगळे नुसतंच विचारतात. बोलवत कोणी नाही.”

त्या हे साहेबांना सांगत होत्या, रागाने नाही, नेहमीच्या स्वरात. पण माहितीरावांना ते जिथे लागायचं तिथे लागलं. आपण एक लाख अठरा हजार लोकांच्या मनातलं ओळखतो म्हणून मिरवत होतो आणि घरातल्या एका माणसाला ‘चला आई, माझं ऑफिस दाखवतो’ एवढंही कधी म्हणालो नाही. त्यांची मान खाली गेली.

साहेब उठून उभे राहिले. उभे राहिले की ते जास्त बरे दिसत. “गल्ल्याच्या आतले ते कागद आजच्या आज फाडा. माणूस दाखवा म्हटलं होतं, दाखवलात. विभाग राहू द्या. पण यापुढे दर मंगळवारी तुम्ही स्वतः खाली दुकानात उभे राहायचं आणि गिऱ्हाइकांशी बोलायचं.” मंगळवारचं नाव ऐकून माहितीरावांना झाडू आठवले, पण ते हो म्हणाले. “खिडकीकडची दोन फूट?” गोदामप्रमुखाने विचारलं. “ती दिलेलीच आहेत ना,” साहेब म्हणाले.

मग माहितीराव सासूबाईंकडे वळले. “आई, चला. खाली दुकानात जाऊ.”

सासूबाईंनी दुकान पाहायला सव्वा तास लावला. खुर्च्यांवर बसून पाहिलं. एक डुगडुगत होती, तिची नोंद घेतली. जवळजवळ पंधरा झाकणं उलटसुलट करून झाल्यावर त्यांनी आपल्या जुन्या पातेल्याच्या मापाचं एक निवडलं आणि दोघं गल्ल्यापाशी आली.

“मोबाईल नंबर?” गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं.

सासूबाईंनी एकेक आकडा सुटा करून सांगितला. मुलीची बोटं मध्येच थांबली. “आजी, हा तर आमचा नंबर आहे. तुमचा सांगा ना.”

“माझाच आहे.”

“अहो, कोणी नंबर दिला नाही की हाच टाकतो आम्ही. हे बघा, यंत्र म्हणतंय आजची ही चौथी खरेदी.”

“पहिली आहे,” माहितीराव म्हणाले. “या माझ्या सासूबाई. आज पहिल्यांदाच आल्यात. मी आणलंय त्यांना.”

मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मग नाव बदलावं लागेल. इथे नुसतं ‘नमुना’ लिहिलंय.”

“बदल,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपलं संपूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एखादं महत्त्वाचं पत्र लिहून घ्यायला सांगावं तसं. मुलीने ते टाइप केलं, त्यांनी पडद्यात डोकावून वाचून घेतलं, आणि बिल निघालं.

दुकानाच्या दारात त्यांच्या पर्समधला फोन टुणकन वाजला. ‘नमुना’च्या नावे कधी न येणारा कंपनीचा निरोप होता: आमच्या दुकानातला आपला अनुभव कसा होता? माहितीराव घाईघाईने म्हणाले, “आई, जाऊ द्या. ते यंत्र आपोआप पाठवतं, ते काही खरं नसतं.”

सासूबाई वाटेतच थांबल्या. मागची गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जाऊ लागली. त्यांनी झाकण जावयाच्या हातात दिलं, पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि फोन लांब धरला.

“थांबा जावईबापू. उत्तर देऊ द्या. आज मला खरंच माहीत आहे.”